अमेरिकेतले भारनियमन

दुपारी तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी धम्मानंदचा मोबाइल दोनदा वाजून गप्प झाला. तो उचलायचा नव्हताच. आखाडा बाळापूरच्या वीज उपकेंद्रात त्याचे वडील रामजी ऑपरेटर होते आणि गेली सव्वीस वर्षे गावाची लाईट त्यांच्याच हाताने जात होती. भारनियमनाच्या बरोबर दोन मिनिटे आधी ते घरी असा मिस्ड कॉल देत. आपल्या अधिकाराचा त्यांनी स्वतःच्या घरासाठी करून घेतलेला लाभ एवढाच. आणि तोही सरकारी फोनवरून नव्हे, पदरच्या मोबाइलवरून.

घराची शिस्तही त्या दोन घंटांना बांधलेली होती. स्वयंपाकघरात पद्माबाईंनी मिक्सर थांबवला आणि माठाजवळ मेणबत्ती काढून ठेवली. धम्मानंदने संगणक बंद करायला घेतला. संगणकाने त्याला विचारले : बंद का करता? एरवी तो असे काही विचारत नसे; पण धम्मानंदच्या आयुष्यात त्याला आपणहून काही विचारणारे मुळातच थोडे असल्यामुळे या चौकशीचे त्याला नवल वाटले नाही, उलट जरासे बरे वाटले. खोटे लिहिण्याचे वळण त्या घरात नव्हते. कारणाच्या रकान्यात त्याने 'लोडशेडिंग' असे लिहिले आणि बटण दाबले.

पडदा क्षणभर काळा झाला. मग त्याच्या मागून दुसरा पडदा वर आला. त्यावर तेच इसापूर धरणाचे निळे पाणी, तोच काठावरचा एकटा बगळा, आणि संगणक मात्र चालूच. धम्मानंद बघत राहिला. आपण काय बंद केले हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याच क्षणी गावाची लाईट गेली.

त्याची नोकरी पुण्याच्या एका छोट्या कंपनीत होती. अमेरिकेतल्या एका दातांच्या दवाखान्याचा सगळा कारभार, म्हणजे कोणत्या रुग्णाने किती वाजता तोंड उघडायचे इथपासून, तिकडच्याच एका भाड्याच्या सर्व्हरवर चालत असे. धम्मानंद बाळापुरातल्या खोलीत बसून आपल्या संगणकावर त्या सर्व्हरची खिडकी उघडत असे. ती खिडकी सबंध पडदा व्यापी, इतकी की आपण इथे आहोत की तिथे हे ओळखू येऊ नये. एका उदास संध्याकाळी, ते दूरचे यंत्र फार परके वाटू नये म्हणून, त्याने आपल्या संगणकावरचा इसापूरचा फोटो तिथेही लावला होता. एकटेपणावर केलेला तो उपाय आज त्याच्या गळ्याशी आला होता.

पुण्यात तो दोन वर्षे एका खोलीत पाच जणांबरोबर राहिला, आणि त्या दोन वर्षांत त्याला नावाने हाक मारली ती फक्त मेसच्या यादीने. कंपनीच्या ऐश्वर्या मॅडमना त्याने मोठ्या धीराने विचारले होते, हे काम मी गावाहून केले तर? मॅडमनी एक महिना दिला होता. महिनाभर काम अडले नाही तर बाळापूर, अडले तर पुणे. आज त्या महिन्याचा शेवटचा दिवस होता.

अमेरिकेत तेव्हा पहाटेचे सहा वाजत होते. दवाखाना नऊला उघडे, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. तोवर सर्व्हर चालू झाला पाहिजे होता. हाताने दाबायचे बटण त्याला नव्हते. भाड्याने देणाऱ्यांच्या वेबपानावर जाऊन तो सुरू करावा लागे. त्यासाठी इंटरनेट हवे, इंटरनेटसाठी लाईट, आणि बाळापूरची लाईट येणार सातला. त्या पानाचा पासवर्ड त्याच्याखेरीज फक्त मॅडमकडे होता; त्यांना सांगून मोकळे व्हावे म्हणून त्याने फोन लावला, तर तो बंद होता. त्या विमानात होत्या आणि साडेसहाच्या पुढे उतरणार होत्या. तेव्हा धम्मानंद सायकल काढून उपकेंद्रावर गेला.

"बाबा, अर्धा तास लाईट देता येईल का?"

रामजींनी चष्म्यावरून पाहिले. "कोणाला?"

"आपल्याला."

"आपल्या ज्योतीच्या लग्नात पंगत बसलेली असताना लाईट घालवली म्या. जावई अजून बराबर बोलत न्हाई माह्यासंग. अन् आज तुला देऊ? काय अडलं एवढं?"

"अमेरिकेतला संगणक बंद झाला. माझ्याच हातून."

"काहून?"

"तुमचा मिस्ड कॉल आला म्हणून."

आपण दाबलेल्या बटणाने बाळापूरपासून वारंग्यापर्यंत अंधार पडतो हे रामजींना ठाऊक होते. त्याची हद्द अमेरिकेपर्यंत गेली असेल अशी कल्पना त्यांनी केली नव्हती. भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"डोंगरकड्याला लाईट हाय," ते अखेर म्हणाले. "पण तिथली सहाला घालवायची हाय मला. सहा म्हंजे सहा. मंग म्हणशील, बापानं सांगितलं न्हाई."

डोंगरकड्याला जाणारी काळी-पिवळी जीप स्टँडवर उभीच होती. परंतु तिचा मालक नेमसिंग चौदावे माणूस बसल्याशिवाय किल्ली फिरवत नसे, आणि धम्मानंद नववा होता. पाच माणसे जमायला चाळीस मिनिटे लागली. शेजारी मिराबाई नावाची एक म्हातारी मांडीवर जळलेला मिक्सर घेऊन बसली होती. पोराचा चेहरा पाहून तिने कुणी आजारी आहे काय अशी चौकशी केली. खोटे बोलणे त्याला जमत नव्हते आणि खरे सांगणे सोपे नव्हते. शेवटी त्याने, अमेरिकेतले एक मशीन माझ्या हातून बंद पडले, एवढेच सांगितले.

"अमेरिकेचं मशीन बंद पाडलं अन् जाऊन राहिला डोंगरकड्याला?"

"तिथं लाईट आहे ना, मावशी."

"काहून, अमेरिकेला न्हाई का?"

"आहे."

"मंग?"

नेमसिंगने आरशातून बघत, एवढ्या मोठ्या देशात बटन दाबायला एक माणूस मिळेना काय, असा प्रश्न सगळ्या जीपला विचारला, आणि पुढचे दहा किलोमीटर जीपने त्याचा ऊहापोह केला. निष्कर्ष असा निघाला की तिकडे माणसे उशिरा उठत असावीत. उतरताना मिराबाईने त्याला मायेने सांगितले, की आपल्या ओळखीचा एक ग्यानबा मिस्त्री आहे. मोटार असो, मिक्सर असो, बंद पडलेले काहीही तो चालू करतो, आपण आता तिकडेच चाललो आहोत. धम्मानंदला क्षणभर तिच्यामागून जावेसे वाटले.

डोंगरकड्यात इंटरनेट होते ते संतोषच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. संतोष जवळच्या तांड्यावरचा, धम्मानंदचा कॉलेजचा सोबती. त्याने हसून खुर्ची दिली, पण इंटरनेट घरच्या टेलिफोनवरून यायचे, आणि टेलिफोन या घटकेला त्याच्या आईच्या, रूपाबाईंच्या हातात होता. त्यांची लेक शितल हिला परवाच मुलगी झाली होती. बाळाचे नाक कुणावर गेले हा विषय चालू होता. नाकानंतर कपाळ आले. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. धम्मानंद दाराशी उभा राहून, आपण दिसावे पण नडू नये अशा बेताने ताटकळत होता. बाळंतिणीच्या आईचे बोलणे तोडावे असे त्याला वाटेना, आणि पुण्याला परत जावे असेही वाटेना. बाळाच्या कानांची पाळी आली तेव्हा त्याने डोळे मिटून सगळे एका दमात सांगून टाकले.

रूपाबाईंनी रिसीव्हर छातीशी धरून ऐकले. "मंग उभा काहून राहिला मघापासून मुक्यासारखा?" त्या म्हणाल्या, आणि फोनमध्ये लेकीला सांगितले, "ठेव गं. या पोराचं काहीतरी अडलंय अमेरिकेला. कान उद्या बोलू."

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येताना कण्हल्यासारखा आवाज करी. वेबपान ओळ ओळ करीत उतरले. पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी धम्मानंदने सर्व्हर सुरू करण्याचे बटण दाबले. तो सुरू होत असल्याची सूचना दिसू लागली आणि तिथेच थबकली. तो सुरू झाल्यावर पुन्हा त्यात शिरून दवाखान्याचा प्रोग्रॅम हाताने चालू करायचा होता. तेवढ्यात संतोष रांगेतले संगणक एकामागून एक बंद करीत आला.

"चल, आटप. सहाला तुहा बाप लाईट घालवते. मी घड्याळ लावतो त्यांच्यावर."

सहा वाजले. लाईट गेली नाही.

सहा वाजून दोन मिनिटे झाली. संतोषने मनगटावरचे घड्याळ हलवून पाहिले, कानाशी नेले, मग भिंतीवरच्याशी ताडून पाहिले. समोरच्या पिठाच्या गिरणीत चक्की चालूच होती, आणि गिरणीवाला भांबावून बाहेर येऊन विजेच्या तारांकडे पाहत होता. सहा वाजून पाच मिनिटांनी सर्व्हर जागा झाला. धम्मानंदने खिडकी उघडली. सबंध पडदाभर इसापूरचे पाणी पसरले. संतोषला त्यात फक्त एक चालू राहिलेला संगणक दिसला. लाईट आता कोणत्याही क्षणी जाणार, या घाईने त्याने वाकून माउस हातात घेतला आणि बाण थेट 'शट डाउन'वर नेला.

धम्मानंदने आजवर कुणाचा हात धरला नव्हता. त्याने संतोषचे मनगट दोन्ही हातांनी आवळून धरले.

"हा बंद करू नको. हा इथला नाही."

"अन् इथला?"

"इथला आपोआप जाईल. जाऊ दे."

दवाखान्याचा प्रोग्रॅम सुरू झाला. नऊ वाजताचा पहिला रुग्ण, त्याची अक्कलदाढ, सगळे जागच्या जागी होते. सहा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली आणि पडदा विझला. जन्मात पहिल्यांदा धम्मानंदने एखादा संगणक नीट बंद न करता मरू दिला होता, आणि हात मांडीवर ठेवून तो अंधाऱ्या काचेत स्वतःचे तोंड पाहत बसला होता. त्या काचेपलीकडे, हजारो कोस दूर, काहीतरी चालू होते. निदान असावे. ते पाहण्याचा आता कोणताच मार्ग उरला नव्हता.

परतीच्या जीपची वाट बघत तो फाट्यावर उभा असताना पावणेसातला मॅडमचा फोन आला.

"सर्व्हर अडीच तास बंद होता," मॅडम म्हणाल्या. "नोंदीत कारण लिहिलंय, लोडशेडिंग."

"हो मॅडम."

"अमेरिकेत?"

"नाही मॅडम. बाळापुरात." आणि मग फोटोपासून मिस्ड कॉलपर्यंत सगळे त्याने सांगितले. लपवण्यासारखे काही उरले नाही तेव्हा तो थांबला. पुण्याचे सामान कोणत्या बॅगेत भरायचे याचा विचारही त्याने तेवढ्यात करून टाकला.

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मॅडम हसत होत्या. त्यांनी सांगितले, की महिनाभर त्या सर्व्हरवरच्या दुरुस्त्या एकदा बंद करून चालू करण्यावाचून खोळंबल्या होत्या; तो रखडत चालतो म्हणून दवाखाना रोज कुरकुरे, आणि बंद करू का असे विचारले की रोज नको म्हणे. आज दवाखाना उघडताच तिकडून निरोप आला होता : यंत्र एकाएकी पळू लागले, काय केलेत?

"मी त्यांना काय सांगू, लोडशेडिंग?" मॅडम म्हणाल्या. "हे बघ, न विचारता पुन्हा असं झालं तर पुण्याची गाडी धरायची. महिना संपला आज. राहा तिथंच. पण दर महिन्याला एकदा ठरवून, मला सांगून, अर्धा तास बंद करत जा. आणि आधी तो फोटो बदल."

धम्मानंदने फोन खिशात ठेवला. जीप आली, तो बाराव्या माणसाच्या जागी बसला, आणि पुढची दोन माणसे येईपर्यंतचा उशीर त्याला अगदी हवाहवासा वाटला. घरी पोहोचला तेव्हा बाळापुरात लाईट आलेली होती. त्याने फोटो बदलला, पण आपल्या संगणकावरचा. इसापूरचे पाणी अमेरिकेत तसेच राहू दिले. इथे त्याची आता गरज नव्हती.

मग पद्माबाईंनी भरलेला डबा घेऊन तो उपकेंद्रावर गेला. रामजींनी डबा घेतला. चालू झाले का, एवढे विचारले. झाले म्हटल्यावर "बरं झालं" म्हणून ते हात धुवायला बाहेर गेले.

टेबलावर नोंदवही उघडी होती. कोणत्या गावाची लाईट किती वाजता घालवली हे तीत लिहायचे. वेळ चुकली तर शेवटच्या रकान्यात कारण द्यायचे. मागची पाने धम्मानंदने चाळून पाहिली. तो रकाना पानोपान कोरा होता. फक्त आजच्या तारखेला, डोंगरकड्याच्या ओळीत, रामजींच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते :

'वेळ ६.१०. विलंब दहा मिनिटे. कारण : अमेरिका बंद होती.'