शेवटचा सात

कुसुम गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारीच मी ठरवलं. सोसायटीच्या बागेत तिच्या आठवणीचा बाक ठेवायचा, आणि त्यावर नाव नाही, संख्या लिहायची! २१४७४८३६४७.

कुसुम गणित शिकवायची. ही तिची लाडकी मूळ संख्या. एकानं आणि स्वतःनं सोडून बाकी कशानंही भाग जात नाही. आम्हाला मूल नाही म्हणून नातेवाईक हळहळले की ती म्हणायची, "आमचं घर मूळ संख्येचं. दोघंच. तिसऱ्यानं भाग घालायचा नाही!"

खडकीच्या कारखान्यात जन्म काढला मी. एक बाक माझ्या हातून काय बिघडणार?

गेनबा पेंटरनं बाकाच्या पाठ टेकायच्या फळीवर आकडे रंगवले. संध्याकाळी शेजारच्या मालनबाई दारात.

"अहो, बाकावरचा नंबर लागत नाही!"

"लावू नका."

उद्घाटनाच्या सकाळी बागेत जाऊन पाहतो, तर शेवटच्या सातचा सहा झालेला!

"मीच करून घेतला," सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण हसले, आहेर दिल्यासारखे. "तुमच्या आकड्यांची बेरीज सेहेचाळीस येत होती. आता पंचेचाळीस. चार नि पाच नऊ! शुभ असतं. माझ्या गाडीचीही नऊच आहे."

"अहो, आता तिला दोनानं भाग जातो! तिनानं, सातानं, नवानं, अकरानंही जातो! धर्मशाळा केलीत तिची!"

"एकाचाच तर फरक आहे!"

"एकानंच पडतो फरक! माझ्या घरी येऊन बघा!"

गेनबाच्या रंगाच्या डब्याशेजारची थिनरची बाटली मी घेतली आणि सहावर ओतली. सहा गेला, पण थिनर पसरलं आणि सगळे आकडे आइस्क्रीमसारखे मऊ पडले. तेवढ्यात फाटकात पाहुण्यांची गाडी! मी झटकन बाकावर बसलो आणि आकडे पाठीनं झाकले.

"काका, उठा. फीत कापायची आहे."

"कापा की! मी उठणार नाही!"

शेवटी फीत माझ्या गुडघ्यांवरून कापली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. "दुःखात आहेत, बसू द्या," अशी कुजबुजही झाली. मी हललो नाही. मग बागेच्या दुसऱ्या टोकाला चहा आला आणि मी उठलो.

"अगं बाई!" मालनबाई किंचाळल्या. "नंबर पाठीवर आला!"

पांढऱ्या सदऱ्यावर उलटी संख्या! गोपाळकृष्ण माझ्यामागून चालत पुटपुटत होते, "एकोणचाळीस... तीन नि नऊ बारा... छे, हीही नऊ नाही."

आता कमिटी म्हणते, शेवटचा आकडा सर्वानुमते ठरवू. ठरवा! या वेळी गेनबा नको; मी रंग आणलाय, ब्रश आणलाय. रोज सकाळी बाकासमोर उभा राहतो, ब्रश बुडवतो आणि परत पुसून ठेवतो. कुसुम फळ्यावर काढायची तसा गोल सात कारखान्यातल्या माझ्या हाताला येत नाही, एवढंच.

बाकी आकडे फिकट झालेत, पण वाचता येतात. सात लिहायचा राहिला आहे.