न सांगता उठून गेलेल्या बायका

आमच्या इंदूकाकूंच्या घरी गॅसच्या सिलिंडरला स्वेटर आहे. निळा, पुढून बटणांचा, आणि बाह्यांसकट. सिलिंडरला बाह्या कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "बाह्या नसतील तर त्याला स्वेटर कसं म्हणायचं?" असं काकूंनी मलाच विचारलं. आमच्या औंढ्यात मे महिन्यात माणसाला अंगातली बनियन नकोशी होते, आणि हे सिलिंडर आपलं दोन्ही बाह्या सोडून स्वयंपाकघरात उभं. नवं सिलिंडर घेऊन येणारा माणूस आता सरावलाय. जुन्याची बटणं काढतो, नव्याला लावून देतो. एखादं बटण राहिलं की काकू म्हणतात, "हे काही बराबर न्हाई."

"हे काही बराबर न्हाई" हा काकूंचा सगळ्या जगाबद्दलचा अभिप्राय. सरकार, सून, सोयाबीनचा भाव आणि माझ्या बायकोची भरली वांगी, सगळ्यांना एकच माप. सिलिंडरनंतर मिक्सरला अंगरखा आला, मग टीव्हीच्या रिमोटला. एका सकाळी माझ्या स्कूटरच्या दोन्ही आरशांना टोपरी घातलेली होती. टोपरी फार सुबक होती, फक्त मागून येणारा ट्रक दिसत नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी काकूंची सून आहे. मुलगा आणि सून हैदराबादला असतात. काका गेल्यापासून काकूंचे फोन फार वाढले, तेव्हा सुनेनं युक्ती काढली. सासूबाईंना विणता येतं, तर त्यांना विणकामाच्या ऑनलाइन ग्रुपात टाकून द्यावं. ग्रुपचं नाव 'ऊब'. पुण्याच्या मृणालताई त्याच्या चालक. देशोदेशीच्या बायका त्यात होत्या आणि सकाळपासून तिथं फुलं, सुविचार आणि बाळमोज्यांचे फोटो वाहत असत. कुणीही काहीही टाकलं की खाली "अप्रतिम ताई!" अशी रांग लागे. एकदा काकूंच्या बोटाचा धक्का लागून आमच्या गल्लीतल्या गाढवाचा फोटो गेला. त्यालाही "अप्रतिम ताई, रंगसंगती छान" असं आलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे काकूंचा समज असा, की ज्याला ब्राझील कुठं आहे ते कळतं त्याला मोबाइलही कळत असणार. "अरे मधू, ये की इकडं! हे बघ काय करून राहिलं!" अशी भिंतीपलीकडून हाक आली की मी हातातला घास टाकून पळतो.

चैत्रातल्या एका शनिवारी अशीच हाक आली. त्या दिवशी ग्रुपची पहिली व्हिडिओ बैठक होती. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, सतरंजी अंथरली होती. मोबाइल पाटावर भिंतीला टेकवून बसवलेला, त्याच्यापुढं कैरीची डाळ आणि पन्ह्याचा पेला. हे सगळं ठीक होतं. पण इतक्या सवाष्णी घरी आलेल्या, आणि चैत्राचा महिना! काका गेले तरी आल्यागेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावायचं काकूंनी सोडलं नव्हतं. काकूंनी पडद्यावरच्या एकेका चौकोनात एकेकीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मी पोचलो तेव्हा पडदा लालपिवळा झाला होता आणि आतून मृणालताईंचा आवाज येत होता, "इंदूताई, आपण सारखं काहीतरी दाबत आहात." मी पडदा पुसू लागलो तर काकूंनी माझा हात धरला. "थांब रे, त्या मागच्या पानावरच्या बाया राहिल्या की!"

हे ऐकून हसू येतं, मलाही आलं. पण काकूंचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही. देवळामागच्या गल्लीतलं ते घर. सासरी पूजेची पाळी असायची, त्यामुळे दर्शनाला येणारी माणसं याच घरी उतरत. श्रावणात आणि शिवरात्रीला पंगतींवर पंगती उठत, आणि काकू चुलीशी. आता माणसं गाडीतून उतरतात, दर्शन घेतात, हॉटेलात डोसा खातात आणि उजेडीच परततात. काकूंच्या हाताची सवय मात्र तशीच राहिली. आलेल्या माणसाच्या पोटात काही गेल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही.

आणि ग्रुपला तर उंबरठाच नव्हता. एक दिवस नागपूरच्या कुणी बाई ग्रुप सोडून गेल्या. पडद्यावर तशी बारीक ओळ आली. काकूंचा चेहरा उतरला. "अशा कशा गेल्या? येते म्हणाल्या न्हाईत, काही न्हाई. भरल्या घरातून न सांगता उठून गेल्या!" त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. काकू नेहमी स्पीकर लावून बोलतात, चोरून काय बोलायचं म्हणतात, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"ताई, मी औंढ्याहून बोलून राहिले. काही चुकलं का आमचं?"

"कोण आमचं?"

"ग्रुपातून उठून गेल्या ना तुमी. काहून गेल्या? कुणी काही बोललं का?"

त्या बाई दिवसभराच्या सुविचारांना कंटाळून गेल्या होत्या. पण हे औंढ्याच्या अनोळखी म्हातारीला सांगणार कसं? ओशाळून संध्याकाळी परत आल्या. तेव्हापासून जी कुणी जाई तिला काकूंचा फोन जाई, आणि जी जाई ती परत येई. ऊब ग्रुपातून बाहेर पडणं अशक्य होऊन बसलं. शेवटी मृणालताईंनी नियम घातला, सदस्यांना व्यक्तिगत दूरध्वनी करू नयेत. काकूंनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. "बराबर आहे. उगीच कुणाला तकलीफ देऊ नये," असं म्हणाल्या आणि इतका चांगला नियम केल्याबद्दल मृणालताईंना अभिनंदनाचा फोन केला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली. काकूंचे निरोप जाईनात. मी पाहिलं, मृणालताईंनी त्यांना काढून टाकलं होतं. रेंज नाही म्हणून थाप मारावी असं मनात आलं, पण काकूंच्या तोंडाकडे पाहून ती मारवेना.

"काढलं म्हणजे?" काकूंनी विचारलं. "भरल्या ताटावरून उठवलं?"

मी मान हलवली. काकूंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. मग पदर सावरून म्हणाल्या, "असू दे. आता बघ तू. बाई दिसंना म्हणून फोन येतील. विचारतीलच की."

मी वाट पाहू लागलो, कारण काकू पाहत होत्या. मोबाइल खिडकीत ठेवलेला, तिथं रेंज चांगली. बाजाराला जाणं बंद. अंघोळीला जाताना मोबाइल दाराबाहेर स्टुलावर. फोन येत होते ते कर्ज हवं का विचारणाऱ्यांचे. काकूंना तिथून हलवावं म्हणून मी म्हटलं, "तुम्हीच लावा की एखादीला."

"मी? उठवलेल्या माणसानं पुन्हा पंगतीत जाऊन विचारायचं, मला काहून उठवलं? हे काही बराबर न्हाई."

मला मृणालताईंचा राग आला, त्या अप्रतिम-ताईंचा आला, सुनेचा तर आलाच. इतक्या जणींना या बाईनं हात धरून परत बसवलं, आणि एकीलाही हिची जागा रिकामी दिसू नये? विणकाम थांबलं होतं. सुया लोकरीच्या गुंड्यात खुपसून ठेवलेल्या.

मग एका रविवारी दुपारी काकूंनी मला बोलावलं. "मधू, हा बिघडला तर न्हाई ना? वाजतच न्हाई." मी खिशातल्या खिशात माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. मोबाइल वाजला तशा काकू गुडघा धरून धडपडत उठल्या, त्यावर माझं नाव पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. "चांगला आहे की," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काही बोलणार तोच तो पुन्हा वाजला. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"हॅलो, इंदूकाकू का? म्या शोभा. गोरेगावहून बोलून राहिले, मुंबईचं न्हवं, आपल्या इकडचं. तुमी मला वळखणार न्हाईत. त्या ग्रुपात म्या कदी काही लिवलं न्हाई. तिथल्या बायांचं बोलणं लई शुद्ध, मला लाज वाटती. पर तुमचं समदं वाचते म्या. लई दिस झाले, तुमी दिसंना. काहून गेल्या, काकू? कुणी काही बोललं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई गं," त्या म्हणाल्या, "कोण काय बोलतंय?"

"तब्येत बरी हाय ना? जेवलाव का?"

आमच्याकडे हा प्रश्न वाटेत भेटलेल्यालाही विचारतात आणि त्याला "झालं की" हे ठरलेलं उत्तर असतं. काकूंनी ते द्यायला तोंड उघडलं. ते काही केल्या येईना. डोळे भरून आले. ऊन कलायला लागलं होतं आणि ओट्यावर सकाळची भाकरी तशीच झाकलेली होती.

"न्हाई गं बाई," काकू म्हणाल्या. "एकटीला घास उतरत न्हाई."

"मंग घ्या वाढून. म्या फोन ठिवत न्हाई. घरचे समदे शेतात गेलेत, मला काही घाई न्हाई."

काकू उठल्या. ताटात भाकरी आणि पिठलं घेतलं, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि समोर मांडी घातली. पलीकडून शोभा म्हणाली, "सावकाश होऊ द्या, काकू."

त्या घरात हजारो माणसं जेवून गेली असतील. मी इतकी वर्षं शेजारी राहतो. काकूंना जेवताना मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.