तौनोंच्या कोटाची धुलाई

या खेपेला सासुरवाडी जिंकायचीच, असं वेसाने ठरवून टाकलं होतं!

लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासरे तौनो त्याच्याशी आजवर मोजून अकरा वाक्यं बोलले होते. त्यातली चार हवेबद्दल होती. वेसा पडला हेलसिंकीचा, आणि सासुरवाडी पार उत्तरेला, कायनूच्या जंगलात. तिथे पुरुषाला दात नसले तरी चालतं, बंदूक हवी. म्हणून वेसाने शिकाऱ्याची परीक्षा दिली, पास झाला आणि गावच्या शिकार मंडळाकडे अर्ज टाकला. मंडळाचे अध्यक्ष दस्तुरखुद्द तौनो. बैठक आज संध्याकाळी.

"एका होकाराचा तर प्रश्न आहे!" गाडी चालवता चालवता तो बायकोला म्हणाला. "बाबांना असा खूश करतो की बघतच राहशील."

"तू गप्प बस आणि कशाला हात लावू नकोस," हेली म्हणाली. "तेवढ्यानेच ते खूश होतील."

गावाच्या अलीकडे हेलीला अळंबी दिसली. ती टोपली घेऊन झाडीत शिरली आणि वेसा पाय मोकळे करायला निघाला. पन्नास पावलांवर एका ओंडक्याशेजारी जमिनीवर कोट पसरलेला! कोपरावर हिरवं ठिगळ. हा तर बाबांचा कोट! गेली दोन वर्षं वेसाने सासऱ्यांना या कोटाशिवाय पाहिलंच नव्हतं. त्याला राळेचा, तंबाखूचा, ओल्या कुत्र्याचा आणि आणखी कशाकशाचा वास येत होता.

"विसरले बिचारे! वय झालं," वेसा मनाशी म्हणाला. आणि मग त्याच्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. कोट नुसता परत द्यायचा नाही. धुऊन द्यायचा!

त्याने कोट पिशवीत कोंबला आणि हेलीच्या नकळत गाडीच्या डिकीत टाकला. घरी कोणी नव्हतं. हेली आईला शोधायला शेजारी गेली. वेसाने स्वयंपाकघरातल्या मशीनमध्ये कोट घातला, साठ अंश लावले आणि लव्हेंडरची पावडर घातली. एक माप पुरेल का? त्याने दोन घातली.

अर्ध्या तासाने दार उघडलं. तौनो आत आले. अंगात नुसता स्वेटर, चेहरा पार उतरलेला.

"रुस्का हरवली," ते म्हणाले.

रुस्का म्हणजे त्यांची शिकारी कुत्री. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण रुस्काचं जेवण विसरणार नाहीत!

"अरे बापरे! कधी?"

"काल. सशामागे लागली ती लागलीच. रात्री थंडी पडली होती. वय झालंय तिचं." तौनो खुर्चीत बसले. "पण येईल. जिथून सोडली तिथे कोट ठेवून आलोय. चुकलेलं कुत्रं फिरून त्याच जागी येतं. मालकाचा वास लागला की त्यावर पडून राहतं. माझा बाप हेच करायचा. म्हणून तर तीस वर्षांत त्या कोटाला पाणी लागू दिलेलं नाही मी."

वेसाच्या पायाखालची जमीन सरकली. नेमकं त्याच क्षणी मशीन गरगरायला लागलं, आणि आत काहीतरी धातूचं खडखडायला लागलं.

"काय आहे ते?" तौनोंनी विचारलं.

"मोजे!"

"मोजे खडखडतात?"

"शहरातले मोजे, बाबा! त्यांना बटणं असतात!" वेसा मशीनच्या काचेला पाठ लावून उभा राहिला.

तौनोंनी मान हलवली. शहरातल्या माणसांबद्दल ते काहीही ऐकून घ्यायला तयार असत. "कोटाच्या खिशात माझ्या पहिल्या शिकारीचं पितळी काडतूस आहे. रिकामं. ते जवळ असलं की रुस्का हमखास येते," ते म्हणाले. "कॉफी घेतो. मग मंडळातले कौको आणि पेंटी आले की जाऊन बघतो."

कॉफी! म्हणजे दहा मिनिटं! सासरे मागच्या ओट्यावर कप घेऊन बसले मात्र, वेसाने ओलाचिंब कोट ओढून काढला आणि गाडीकडे धूम ठोकली. गाडीभर लव्हेंडरचा घमघमाट सुटला. या कोटावर कुठलं कुत्रं येणार? वाटेत तळ्याकाठी माशांची आतडी टाकायची बादली दिसली. वेसाने डोळे मिटले, हात घातला आणि अस्तराला आतून जमेल तेवढी आतडी चोळली. जुना वास नाही तर नाही, काहीतरी वास हवा! तळ्यात हात खळखळून धुतले आणि पुढे पळाला.

कोट ओंडक्याशेजारी पसरतो न पसरतो तोच मागून पावलं वाजली. तौनो, कौको आणि पेंटी! कौकोच्या डोक्यावर बायकोची लाल लोकरी टोपी होती, कारण वीस वर्षांपूर्वी ती घातली त्या दिवशी त्याला मोठं मूस हरीण मिळालं होतं. शिकारीला निघताना पेंटीला कोणी 'शुभेच्छा' म्हटलं की अपशकुन झाला म्हणून तो तडक घरी जाऊन झोपायचा. अशा माणसांपुढे वेसा ओल्या कोटाशेजारी गुडघे टेकून बसला होता.

तौनोंनी हवेत हुंगलं. मग कोटाकडे पाहिलं. मग जावयाकडे.

"बाबा, मी धुतला," वेसा म्हणाला. "विसरलेला वाटला मला. खरंच."

"कशात?"

"लव्हेंडरमध्ये. साठ अंशांवर."

कौकोने टोपी काढली, मयताला काढतात तशी.

तौनो ओंडक्यावर बसले. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते झाडांकडे बघत राहिले. "आता यायची नाही ती," हळूच म्हणाले. "अकरा वर्षं होती माझ्याजवळ." धरणीने आत्ता पोटात घ्यावं, असं वेसाला झालं. मंडळ गेलं खड्ड्यात, निदान कुत्री तरी मिळू दे!

तेवढ्यात झुडपं सळसळली. चिखलाने माखलेली, लंगडत, जीभ बाहेर काढलेली रुस्का आली! ती कौकोला ओलांडून, पेंटीला ओलांडून, खुद्द तौनोंनाही ओलांडून थेट कोटावर गेली, अस्तरात नाक खुपसलं आणि जीव तोडून चाटायला लागली.

"रुस्का!" तौनोंनी तिला मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी! "बघा, बघा कशी चाटतेय! ओळखला माझा कोट!"

वेसाही रडला, अगदी मनापासून.

पेंटी मात्र विचारात पडला होता. "तौनो, मळक्या कोटावर यायला कुत्र्याला दोन-दोन दिवस लागतात. आणि हा ठेवून पाच मिनिटं नाही झाली!"

"खरंच की," कौको म्हणाला. "जावईबापू, पावडर कुठली म्हणालात? मापं किती?"

"दोन," वेसा म्हणाला. माशांच्या बादलीबद्दल सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तौनो त्याच्याकडे बघून हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा! वेसाने तोंड मिटलं.

संध्याकाळी बैठकीत अध्यक्षांनी स्वतः त्याचं नाव सुचवलं. आठही हात वर गेले. वेसाची छाती फुगली. उद्या पहाटे शिकार! त्याने अदबीने विचारलं, "बाबा, मी कुठल्या जागेवर उभा राहू?"

"घरी," तौनो म्हणाले, आणि त्यांनी आठ कोट त्याच्या हातांत ठेवले. "पहाटेच्या आत धुऊन वाळायला हवेत. आणि साठ नको, तीस अंश लाव. माझा काखेत आवळतोय."