हृदयास पंधरा दिवसांची नोटीस

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेल्या चिठ्ठीचा खालचा कोपरा पंधरा दिवसांत साधारण पाव इंच वर वळला होता. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात दोनच शब्द होते : 'ईसीजी, उद्या.'

तपासणी ही अत्यंत उपयुक्त गोष्ट आहे; मात्र ती आधी कळवून करावी, नाहीतर दोष सापडण्याचा धोका असतो. हे तत्त्व चिठ्ठीच्या मालकांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, कारण ते लिफ्ट तपासनीस होते. घरीदारी त्यांना साहेब म्हणत. इमारतीला पंधरा दिवसांची नोटीस पाठवायची, ठरल्या दिवशी लिफ्टने वर जायचे, खाली यायचे आणि सही करायची, असे त्यांचे काम. गेल्या वर्षी त्यांनी चारशे बारा लिफ्ट तपासल्या. चारशे बाराही उत्तम निघाल्या. पुढच्या महिन्याभरात त्यांतल्या एकसष्ट बंद पडल्या, पण तो तपासणीनंतरचा काळ असल्यामुळे अहवालात धरत नाहीत.

या एकसष्टांत साहेबांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्टही होती. आत त्यांच्याच सहीचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते आणि बाहेर दाराला 'बंद आहे' अशी पाटी टांगलेली होती. साहेब चौथ्या मजल्यावर राहत.

जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या छातीच्या मधोमध कुणीतरी गुडघा रोवल्यासारखे होई. मग साहेब थांबत आणि भिंतीवरची पाण्याची टाकी साफ करण्याविषयीची सूचना वाचत. दोन-तीन मिनिटांत गुडघा उचलला गेला, की पुढे निघत. असे तीन महिने चालले होते.

"पाठ झाली असेल आता ती नोटीस," मागून भाजीची पिशवी घेऊन येणारी बायको एकदा म्हणाली.

"नियम माहीत असलेले बरे असतात," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनाही त्यांनी 'चढताना जरा दम लागतो' एवढेच सांगितले होते. तरी डॉक्टरांनी 'उद्या' लिहिले. (डॉक्टरांना नोटिशीची पद्धत माहीत नसावी.)

चिठ्ठीमागे तयारीच्या चार सूचना छापलेल्या होत्या. छातीला तेल-मलम लावू नये, सैल सदरा घालावा, चालू औषधे सांगावीत, शांत पडून राहावे. सत्तावन्न वर्षे एकही सुट्टी न घेता चाललेल्या यंत्राची तपासणी, आणि तयारी चार ओळींची! साहेबांना हा शुद्ध निष्काळजीपणा वाटला. त्यांनी हृदयाला रीतसर पंधरा दिवसांची मुदत दिली.

चहा बंद झाला. मीठ निम्मे झाले. बातम्या बंद झाल्या. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा पलंगावर हात सैल सोडून, अवाक्षर न बोलता पडण्याचा सराव सुरू झाला. (लग्नानंतरचा हा सर्वोत्तम पाव तास, असे बायकोचे मत होते, ते तिने नोंदवले नाही.) मुलीने फोनवर फक्त चांगल्या गोष्टी सांगायच्या, असे ठरले. तिच्या चांगल्या गोष्टी तिसऱ्या दिवशीच संपल्या, मग ती हवामान सांगू लागली. आणि मुख्य म्हणजे, जिना बंद. साहेबांनी रजा टाकली आणि पंधरा दिवस ते खाली उतरलेच नाहीत. गुडघाही आला नाही. याचे श्रेय चहा सोडण्याला देण्यात आले.

मधे मेहुणा येऊन धीर देऊन गेला. "दाजी, घाबरताय काय? माझा काढला तेव्हा कसा आला माहितीये? रेघ ओढल्यासारखा! एकदम सरळ!"

(ज्यांची रेघ एकदम सरळ येते, ते सहसा ते सांगायला येत नाहीत. पण साहेबांनी तोच आदर्श समोर ठेवला.)

"अरे, पण तो दुखणं शोधायला काढतात की लपवायला?" बायकोने विचारले.

"ताई, तू मधे बोलू नकोस. पास व्हायचं असतं त्यात."

सोळाव्या दिवशी साहेब जिना उतरले. उतरताना गुडघा येत नाही. दवाखान्यात ईसीजीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिथली लिफ्ट महिनाभर बंद होती. परंतु लिफ्ट तपासनीस येणार, एवढे व्यवस्थापकांच्या कानावर गेले होते. ते कशासाठी येणार, हे विचारायची पद्धत नाही. लिफ्ट आदल्याच दिवशी दुरुस्त झाली होती आणि आत गुलाबाचा वास मारला होता. साहेब अलगद वर पोचले.

तंत्रज्ञ बाईंनी दहा तारा जोडल्या. साहेब सरावाप्रमाणे पडले. दहा सेकंदांची नोंद घेऊन कागद बाहेर आला.

"किती छान आलाय!" बाई म्हणाल्या. "इतकं शांत कुणी पडतच नाही हो." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. शेवटचा प्रश्न होता, छातीत दुखते का? बाईंचे पेन आधीच 'नाही'च्या चौकोनावर टेकले होते. "दुखत वगैरे नाही ना? खाली सही करा, की झालं."

साहेबांनी कागद पाहिला. इतका निर्दोष कागद ते पहिल्यांदा पाहत नव्हते. असे चारशे बारा त्यांनी स्वतः सही करून दिले होते.

बायको दाराशी उभी होती. भिंतीवर हात धुण्याविषयीची सूचना होती, ती वाचत राहिली.

इथवर वाचकाला साहेबांचे हसू आले असेल. डॉक्टरांनी 'काय होतंय?' विचारल्यावर 'विशेष काही नाही' असे जो आयुष्यात कधीच म्हणाला नाही, त्याने खुशाल हसावे. बाकीच्यांनी वळणावर थांबून नोटीस वाचावी.

"दुखतं," साहेब म्हणाले. "दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तीन महिने झाले."