केझिया मोडेस्ट हायस्कुलावर चालून गेली, त्याची हकीकत

श्री. प्राथमिक शाळेचा मुलूख सोडून हायस्कुलाच्या स्वारीस निघणाऱ्या तमाम लेकरांस, मौजे मॉर्न कॅनेल, बेट ग्रेनाडा, येथील राहणार, जायफळाच्या वखारीत उमर घालवून आता पडवीत बसणारा बखरनवीस याचे अनेक आशीर्वाद. विशेष. तुम्हांस उपदेश करावा म्हणून थोरामोठ्यांची जीभ वळवळते, आमचीही वळवळते, हे कबूल. परंतु उपदेशाने किल्ला सर होतो की नाही, याची परीक्षा आमच्या डोळ्यांदेखत आमच्याच गल्लीत जाहली, सबब ती हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. मीठमसाला बेताने घातला आहे, सपक जेवण आम्हांस मानवत नाही.

तर बेकरीत काम करणाऱ्या लिनेटबाई मोडेस्ट यांची लेक केझिया ही परीक्षेत अव्वल उतरली, आणि तीस राजधानीतील टेकडीवरच्या किल्ले सेंट ऑडिलिया या मुलींच्या हायस्कुलाची जागा मिळाली, आणि गावात आनंदीआनंद जाहला. परंतु तिची जिवाची सोबतीण जोएला, जिच्या शेजारी ती बालवर्गापासून बसत आली, जिच्या डब्यातले हिने खावे आणि हिच्या डब्यातले तिने, तीस भलत्याच दिशेच्या भलत्याच हायस्कुलात जागा मिळाली. या आनंदाच्या गडबडीत या गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. थोरांचे लक्ष जाण्याजोगी ही गोष्टच नव्हती, ऐसे थोर समजतात.

किल्ले सेंट ऑडिलियाच्या किल्लेदारीण हेडमिस्ट्रेस मिस प्रूडेन्शिया यांचा दरारा असा की, मुलींच्या वेण्या डोक्याला चिकटून सरळ मागे जाव्यात, मणी नसावेत, रंगीत दोरा नसावा, एकही केस वाऱ्यावर फडकता दिसू नये, आणि दिसल्यास मुलगी दरवाजातूनच माघारी, ऐसे फर्मान. म्हणोन शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी, चर्च सुटताच, केझियाची स्वारी टँटी व्हर्निस यांच्या दारच्या पायऱ्यांवर दाखल जाहली. टँटी म्हणजे आमच्याकडे मावशी. या टँटी वेणीबहाद्दर, फणीजंग, गावातील कुल डोक्यांच्या सुभेदार. त्या वरच्या पायरीवर बसल्या, आणि पोरीस खालच्या पायरीवर बसविले, आणि तिचे डोके दोन्ही गुडघ्यांच्या कैचीत पक्के धरिले, आणि खोबरेल तेलाची वाटी उजवीकडे ठेवून मोहीम सुरू केली. केझियाचे केस म्हणजे घनदाट रान. पहिल्याच हल्ल्यात एक फणी कामी आली. टँटींनी मोडक्या फणीचे दात तेलाच्या वाटीतून वेचून काढिले आणि दुसरी फणी मागविली.

आता आमच्या गावची चाल ऐसी की, पोर वेण्यांस बसली म्हणजे तीस उठता येत नाही, वळता येत नाही, पळता तर येतच नाही. सबब ज्याच्या पोटी जो उपदेश साचला असेल तो घेऊन तो तेथे येतो. एरवी त्या वयाचे लेकरू कोणाच्या हाती लागते? हातचे सावज सोडील तो मॉर्न कॅनेलचा नव्हेच.

प्रथम मातोश्री लिनेटबाईंनी हुकूम फर्माविला की, सकाळी जायफळ घातलेला कोको प्याल्याविना घराबाहेर पाऊल टाकू नये, बसमध्ये दप्तर पायांत धरावे, बाईंनी विचारल्यास हात वर करावा. इतके बोलून त्या आत गेल्या आणि काही आठवून पुन्हा बाहेर आल्या, आणि पुन्हा दप्तर पायांत धरण्याचाच हुकूम दिला. आईच्या मनात दुसरेच काही असावे, ते त्यांस शब्दांत सापडेना.

मग सार्जंट क्युथबर्ट, पोलिसातून निवृत्त, शिस्त-उल्-मुल्क, हे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी जाहीर केले की, दरवाजा उघडण्याआधी दरवाजावर हजर असावे, पहिल्या बाकावर मोर्चा लावावा, आणि बाईंच्या डोळ्यांस डोळा भिडवून बसावे. त्यांच्या पाठोपाठ अंकल फिट्झ, दर्यासारंग, मासळीची बादली घेऊन आले आणि म्हणाले की, पहिला बाक म्हणजे तोफेच्या तोंडी बसणे. शेवटचा बाक धरावा, खिडकीची बाजू धरावी, वारा लागतो.

"तू शाळेत किती दिवस टिकलास रे फिट्झ?" सार्जंटांनी विचारले.

"वाऱ्याच्या बाजूला बसलो म्हणून तेवढे तरी टिकलो," अंकल फिट्झ म्हणाले.

तेव्हा बाकांवरून दोन्ही सरदारांत हातघाई जाहली, आणि टँटीही शब्दाच्या चकमकीत उतरल्या, आणि हातातली फणी तलवारीसारखी फिरू लागली, आणि त्या भरात एक वेणी डावीकडे कलंडली. टँटीच्या ध्यानी येताच त्यांनी ती उकलली आणि पुन्हा घातली, पहिल्यापेक्षा घट्ट. रागाने घातलेली वेणी सैल पडत नाही, हा आमचा अनुभव आहे.

इतक्यात चुलत बहीण शॅनिस, जी दुसऱ्या एका हायस्कुलात दोन सत्रे काढून आली आणि तेव्हापासून कोणास जुमानीत नाही, ती कठड्यास टेकून उभी राहिली आणि तिने आपले शास्त्र सांगितले.

"मोजे वर ओढायचे नाहीत. घंटा झाली तरी धावायचं नाही. घरचं लाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही. आणि मेन म्हणजे, पहिल्या दिवशी हसायचं नाही. हसलीस की संपलीस!"

"का पण?" केझियाने विचारले, आणि मान वळवली.

"डोकं हलवू नकोस गं!" टँटी गरजल्या, आणि फणीचा टोला बसला.

येथे पोरीची पंचाईत लक्षात घ्यावी. सार्जंट म्हणत, समजलं का. तर मान डोलवावी कशी? अंकल फिट्झ म्हणत, त्याचं ऐकू नकोस. तर मान हलवावी कशी? होकाराचीही बंदी आणि नकाराचीही. मग सल्ले येत गेले आणि वेण्या पडत गेल्या, आणि पोर समोरच्या ब्रेडफ्रूटच्या झाडाकडे नुसती बघत राहिली. बखरनवीसानेही एक उत्तम सल्ला दिला होता, तो कोणी कानावर घेतला नाही, सबब येथे लिहीत नाही. गेले उडत.

मग उन्हे कलली, आणि शेवटची वेणी हाती राहिली, आणि सार्जंट तिसऱ्यांदा पहिल्या बाकाची महती सांगू लागले, तेव्हा केझियाच्या डोळ्यांतून टिपे गळाली. हे पाहून सगळ्यांनी आपला मोहरा टँटीकडे वळविला. टँटींनी पोरीचे डोके सोलले, टँटींचा हात भारी, ऐसा एकच गिल्ला जाहला. टँटींच्या घराण्यात वेण्या घालणे पिढीजात. त्यांची अब्रू धोक्यात आली. त्यांनी हात थांबविला.

"खरं सांग गं, कुठं ओढलं गेलंय?"

"कुठंच नाही, टँटी."

"मग रडतेस कशाला?"

केझियाने नाक पुसले. "उद्या डबा कुणाच्या शेजारी बसून खाऊ?"

सार्जंटांपाशी बाकाचा सल्ला होता, बाकावर शेजारी कोण, याचा नव्हता. अंकल फिट्झ बादलीतली मासळी बघू लागले. शॅनिस, जी दोन सत्रे हायस्कुलात राहिली, तिचे तोंड एकाएकी लहान पोरीसारखे जाहले. तीस ठाऊक होते. लिनेटबाईंनी पुढे होऊन लेकीच्या गुडघ्यावर हात ठेविला. आपण दिवसभर दप्तर दप्तर करीत होतो ते कशापायी, हे त्यांस तेव्हा कळाले. आम्हांसही गलबलून आले, हे लिहिण्यास लाज नाही.

मग टँटींनी शेवटची वेणी घालून तिचे टोक बांधिले आणि हळू आवाजात फर्माविले, "हे बघ. उद्या सगळ्या पोरी अशाच कुठल्या ना कुठल्या टँटीच्या गुडघ्यांतून सुटून येणार. जिच्या भुवया वेण्यांच्या ताणाने कपाळावर चढलेल्या दिसतील, तिचं डोकं रात्रभर ठणकलंय. तिला विचार, दुखतंय का. बास, एवढंच. पुढचं आपोआप होतं."

दुसरे दिवशी प्रातःकाळी कोको पिऊन, दप्तर पायांत धरून, केझियाची स्वारी बसने राजधानीस रवाना जाहली, आणि टेकडी चढून किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचली. मिस प्रूडेन्शिया जातीने दरवाजात उभ्या. त्यांनी केझियाचे डोके पुढून पाहिले, मागून पाहिले, आणि पसंतीची मान हलविली. टँटी व्हर्निस यांच्या कारकिर्दीतील ही मोठी फत्ते होय, तिची नोंद येथेच करतो.

परंतु आत जाताच सल्ल्यांची फौज एकामागून एक गारद होत गेली. वर्गात बाईंनी आडनावांच्या क्रमाने बसविले, तेव्हा पहिला बाकही गेला आणि खिडकीही गेली. मोडेस्टांची पोर बरोब्बर मधोमध, एका खांबाआड. बाई आपल्याच टेबलास अडखळल्या, तेव्हा सगळा वर्ग हसला, त्यात केझियाही हसली, शॅनिसचे शास्त्र बुडाले. मोजे तर वर ओढलेलेच होते, मातोश्रींनी ओढिले होते.

मग जेवणाची घंटा जाहली. पटांगणात बदामाचे मोठे झाड, त्याभोवती सिमेंटचा कठडा, तेथे सगळा कबिला गोळा जाहला. वरच्या वर्गाच्या मुली टोळ्या करून आपापल्या जागा अडवून बसल्या. केझिया डबा छातीशी धरून उभी राहिली, आणि टँटींचे फर्मान आठवून तिने चढलेल्या भुवयांचा शोध आरंभिला, आणि तो आरंभीच फसला. कारण की पहिल्या वर्गाच्या झाडून साऱ्या पोरींच्या भुवया कपाळावर! सगळ्यांस एकाच वेळी मोठे नवल वाटल्यासारखे. बेटावरच्या कोणत्याच टँटीने रविवारी कसूर केली नव्हती. आता यांतील विचारावे कोणास? टँटींचा सल्लाही गारद जाहला. पोरीपाशी कुमक नाही, वकील नाही, मागे फिरण्यास वाट नाही.

कठड्याच्या टोकास एक पोर उभी होती, तिचाही डबा बंद. ती आपल्या डोक्यावर तळव्याने हळूहळू थापट्या मारीत होती, कारण ताज्या वेण्यांत खाजविता येत नाही, विसकटतात. दोनदा केझिया निघाली आणि दोनदा थांबली. मग तिसऱ्यांदा निघाली, आणि पोहोचली, आणि विचारिले.

"दुखतंय का?"

"मरणाचं!" ती पोर म्हणाली. "माझी आजी टीव्ही बघत बघत घालते. मारामारी आली की ओढते."

"आमच्या टँटीनं फणी मोडली माझ्या डोक्यात."

"एकच? आमच्याकडे दोन मोडल्या."

"चल, खोटारडी!"

"आजीच्यान! दुसरीचे दात अजून आत असतील, बघ हवं तर."

केझियाने बघितले, आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता कपाळाची कातडी ताणून दोघींस कळ आली, आणि दोघी एकदमच ओय म्हणाल्या. मग कठड्यावर बसल्या. केझियाच्या डब्यात खोबऱ्याचा बेक, म्हणजे आमची जाड रोटी, आणि खारा मासा; शेजारणीच्या डब्यात तळलेली केळी. अर्धा बेक देऊन अर्धी केळी घ्यावीत, ऐसा तह जाहला. तहाचा मसुदा नाही, साक्षी नाहीत, दोन्ही पक्षांकडून अंमल मात्र तत्काळ जाहला. घंटा वाजली तेव्हा दोघी धावल्या.

सायंकाळी बस पुलाशी थांबली, तो अवघे गाव तेथे उभे. कोणी म्हणे सहज आलो, कोणी म्हणे मीठ घ्यावयास आलो. मिठाचे दुकान दुसरीकडे आहे. केझिया उतरताच सार्जंटांनी बाकाची चौकशी केली, अंकल फिट्झ यांनी वाऱ्याची केली, शॅनिसने मोज्यांकडे पाहून कपाळास हात लाविला. टँटी व्हर्निस यांनी मात्र पोरीचा चेहरा पाहिला आणि विचारिले, "मिळाली का कुणी?"

"मिळाली."

"नाव काय तिचं?"

केझिया थबकली. "अय्या! विचारलंच नाही."

"विचारलंच नाही?" सार्जंट ओरडले. "माणसाचं नाव, गाव, पत्ता, हे पहिलं काम! मी तुला काल..."

"उद्या विचारीन ना," केझिया म्हणाली. "ती आधी पोचली तर माझी जागा धरणार आहे."

इतके बोलून ती दप्तर झुलवीत घराकडे चालू लागली, आणि लिनेटबाई जागच्या जागी उभ्याच राहिल्या. 'उद्या' या शब्दाने काल जी पोर रडली, तिने तो चालता चालता, भूक लागली म्हणावे इतक्या सहज उच्चारिला. मातोश्रींनी पदर नव्हता म्हणून बेकरीच्या एप्रनने डोळे टिपिले, आणि पिठाने सगळे तोंड पांढरे जाहले, आणि कोणी हसले नाही.

येणेप्रमाणे किल्ले सेंट ऑडिलिया, पैकी बदामाच्या झाडाखालील कठड्याचे टोक, दोन पोरी मावतील इतका मुलूख, केझिया लिनेट मोडेस्ट यांनी एकटीने चालून जाऊन, एका प्रश्नाच्या बळावर फत्ते केला. मोहिमेत फण्या तीन पडल्या. पैकी दोन शत्रुपक्षाच्या म्हणाव्या, तर तो पक्ष आता आमचा जाहला. लेकरांनो, तुम्हीही सुखरूप पोहोचाल. अधिक सल्ला देणे नलगे.