वाघदऱ्याला निघाल्या तिघी, पोचल्या सहा

"तीन मुली, तीन हॅवरसॅक, दोन दिवस! बरोबर एकही पुरुष नाही आणि एकही वडीलधारं माणूस नाही!"

अंधेरीच्या औषध कंपनीच्या कँटीनमध्ये नलिनी राऊळने हे जाहीर केलं तेव्हा समोरच्या श्यामसुंदरच्या हातातला बटाटवडा तसाच राहिला. सन एकोणीसशे एकोणसत्तर. महिना ऑक्टोबर. श्यामसुंदर अकाउंट्समधला, आणि डोंगर चढणाऱ्या एका मंडळाचा सभासद. मुरबाडच्या पलीकडे वाघदरा म्हणून एक प्रचंड दरी आहे, तिच्या काठाकाठाने सात मैलांची वाट आहे, हे त्यानेच महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. ऐकवताना शेवटी दर वेळी एक वाक्य असायचं, "मुलींचं काम नाही ते."

म्हणून तर नलिनी पेटली होती.

टायपिंगच्या खोलीत तिच्या शेजारी घाटकोपरची विमला बसायची आणि विमलाच्या शेजारी मरोळच्या गावठाणातली ल्युसी. तिघींनी मिळून वहीत सगळं लिहून काढलं. पहिला दिवस एसटीने कातळपाडा, मग चढण, वरच्या देवळात मुक्काम. दुसरा दिवस काठावरून चाल. नलिनीच्या मामेभावाने मिलिटरीच्या जुन्या मालातल्या तीन हॅवरसॅक आणून दिल्या. त्यातल्या एकीला गोळी लागल्यासारखं भोक होतं. ती नलिनीने हट्टाने स्वतःकडे ठेवली.

सगळं झकास! राहिली होती फक्त परवानगी.

"माझी आई मेली तरी सोडणार नाही," विमला म्हणाली.

"माझी आय आधी सोडेल, मग मरेल, मग वरून बघेल," ल्युसी म्हणाली.

"अगं, सोप्पं आहे," नलिनी म्हणाली. "मी माझ्या आईला सांगते, विमलाची आई येतेय. विमला, तू सांग ल्युसीची आई येतेय. आणि ल्युसी, तू सांग माझी आई येतेय. एक भांडुपला, एक घाटकोपरला, एक मरोळला. कंपनीच्या गॅदरिंगला वर्षातून एकदा भेटतात. कळणार कसं?"

विमलाने तिच्याकडे अशा आदराने पाहिलं, की नलिनीला आपण टायपिस्ट राहून देशाचं नुकसान करतोय असं वाटलं.

आणि खरंच, तिन्ही घरांतून परवानगी मिळाली! नलिनीची आई, जानकीबाई, बोंबील साफ करता करता एवढंच म्हणाली, "विमलाची आवस असा ना? मग जा."

शनिवारी पहाटे नलिनी उठली. स्वयंपाकघरात गेली आणि जागच्या जागी थिजली. जानकीबाई नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, डोक्यावर मोठं गाठोडं घेऊन दारात उभी होती.

"आई! तू कुठे?"

"तुझ्यावांगडा. ती बाय एकटी तीन पोरी कशी सांभाळतली? माका रातभर झोप नाय. मी येतंय."

"अगं पण बाबा?"

"दोन दिसांची भाकरी नि सुकट ठेवलंय. चल, गाडी चुकतली."

कल्याणपर्यंत विमलाच्या आईला अचानक काय होऊ शकतं याचा नलिनी विचार करत होती. ताप? साधा. विंचू? घाटकोपरला? शेवटी तिने जिन्यावरून पडणं नक्की केलं आणि एसटी स्टँडवर उतरली.

समोर विमला उभी. चेहरा आंबलेल्या ताकासारखा. आणि तिच्या मागे, हातात स्टोव्ह धरून, तिची आई शेवंतीबाई! जिन्यावरून न पडलेली!

नलिनीला क्षणभर शेवंतीबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आपली थाप खरी झाली! इतक्यात ल्युसी आली. तिच्या शेजारी लुगडं नेसलेली, भाजीची रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातलेली दणकट बाई. ल्युसीची आई, जोसेफीन.

तिघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. तिघींच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. तिन्ही आया आल्या, म्हणजे तिन्ही थापा खऱ्या! म्हणजे कुणी खोटं बोललंच नाही! वाचलो!

"बरं झालं तुम्ही भेटलात," शेवंतीबाई जोसेफीनला म्हणाल्या. "तुम्ही एकट्याच येणार म्हटल्यावर मला राहवेना. काल संध्याकाळी ठरवलं, आपणही जायचं."

"मी?" जोसेफीन म्हणाली. "मी कुठे येणार होते? मला सांगितलं नलिनीची आई येतेय. मी पण कालच ठरवलं."

"माका तर आज पहाटे सुचला," जानकीबाई म्हणाली. "विमलाची आवस येता म्हणान."

शेजारचा एक कंडक्टरसुद्धा तिकिटाला भोक पाडायचं थांबला.

"मग," शेवंतीबाई सावकाश म्हणाल्या, "आधी येणार कोण होतं?"

वाट लागली! विमला रडायला लागली. ल्युसीने छातीवर क्रूस काढला. नलिनी मान खाली घालून आईच्या हाताची वाट पाहत राहिली. आता कानाखाली बसणार, सहाच्या सहाजणी घरी परतणार आणि सोमवारी श्यामसुंदर वडा खाता खाता हसणार!

पण हात आलाच नाही.

"बाई," जोसेफीन जानकीबाईला म्हणाली, "तू घरी काय सांगून आलीस?"

"दोन दिस येवचंय नाय म्हणान."

"मी पण. आता परत जाऊन काय चूल पेटवायची?"

तिघी आयांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि नलिनीला काही कळायच्या आत तिघी एसटीत चढून खिडकीच्या जागा धरून बसल्या!

पुढचे धक्के चढणीवर बसले. अर्ध्या तासात मुलींच्या जिभा बाहेर आल्या. विमलाच्या टाचांना फोड आले. नलिनीच्या नव्या कॅनव्हासच्या बुटाचा तळवा मगरीच्या जबड्यासारखा उघडला. आया मात्र डोक्यावर गाठोडं, स्टोव्ह आणि टोपली घेऊन, रोजच्या नळावरून पाणी आणावं तशा पुढे चालल्या होत्या. वळणावर थांबून जोसेफीन ओरडली, "ए पोरींनो, ती ओझी इकडे द्या!" आणि गोळी लागलेली ती शूर हॅवरसॅक टोपलीत बसून वर गेली.

संध्याकाळच्या उन्हात त्या काठावर पोचल्या. दरी म्हणजे काय! जमीन चालता चालता एकदम संपलेली, आणि खाली इतक्या खोल झाडी की ती शेवाळासारखी दिसत होती. तिघी मुली पोटावर झोपून, एकमेकींचे पाय धरून डोकावल्या. आया सरळ कडेच्या कातळावर पाय सोडून बसल्या!

"आई, मागे हो! पडशील!" नलिनी किंचाळली.

जानकीबाईने ऐकलंच नाही. बराच वेळ ती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्सां झाली भांडुपाक. समोरच्या चाळीची भिंत सोडून मी लांबचा काय बघूकच नाय."

मग जोसेफीन उठली, तिने तोंडाभोवती हात धरले आणि रोज दारोदार देते ती आरोळी ठोकली, "भाजीऽऽ एऽऽ!"

दरीने तीनदा भाजी मागितली.

शेवंतीबाईंना हसू आवरेना. त्या उठल्या, पदर खोचला आणि ओरडल्या, "अंबादाऽऽस!"

विमलाचे डोळे पांढरे झाले. अंबादास हे तिच्या वडिलांचं नाव! तीस वर्षांत आईच्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तरी शेजारणीला बोलवायचं!

"अंबादाऽऽस! स्वतःचा चहा स्वतः कर!"

"कर... कर... कर..." दरी म्हणाली.

नलिनीने आईकडे पाहिलं. नाही. माझी आई नाही. माझी आई असलं काही...

"लवूऽऽ!" जानकीबाईचा आवाज गेला तो थेट पलीकडच्या कड्यावर आपटला. "पाय पुसून घरात येऽऽ!"

लवू म्हणजे बाबा! नलिनी त्या कडेच्या कातळावरच मटकन बसली. इतकी हादरली होती की घाबरायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सात मैल पुरे झाले. त्यातले शेवटचे दोन विमलाने जोसेफीनच्या खांद्याला धरून केले. सोमवारी कँटीनमध्ये नलिनीने श्यामसुंदरला फक्त दरी किती खोल आहे ते सांगितलं, आणि बाकी कुणी विचारायच्या आत चहा आणायला उठली.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली, तर जानकीबाई, शेवंतीबाई आणि जोसेफीन चटईवर बसून वहीत काहीतरी लिहवून घेत होत्या. लिहीत होते बाबा.

"पुन्हा वाघदरा?" नलिनी आनंदाने ओरडली. "कधी जायचं?"

"येत्या शनवारी," जानकीबाई म्हणाली. "आमी तिघीच."

"आणि आम्ही?"

"तुमका घेवन रात जाता गो वाटेत!" आई अगदी मायेने म्हणाली. "नि तू इलंस तर हय जेवण कोण करतला?"

रविवारी दुपारी नलिनीने बाबांसमोर ताट ठेवलं. बाबांनी आमटीत भात कालवला, एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"आई कधी येणार म्हणालीस?"

"संध्याकाळी."

बाबांनी ताट हळूच बाजूला सरकवलं. "मग थांबतो," ते म्हणाले.