भाऊसोंनी गप्प बसण्याचा हक्क कसा घालवला

पोलिसांपुढे गप्प राहणे हा आरोपीचा हक्क आहे. तो संविधानाने दिला आहे. कोल्हापुरात तो वापरायचा कसा, याचे परिपत्रक मात्र अजून निघालेले नाही.

भाऊसोंना हा हक्क वकील पुतण्याने, बुद्धभूषणने, फोनवर नीट समजावला होता. "काका, मी येस्तोवर तोंड उघडायचं न्हाय. जेवलाय का इचारलं तरी न्हाय." भाऊसोंनी मान डोलावली. (फोनवर. म्हणजे सुरुवात चांगली झाली होती.)

प्रकरण साधे होते. चौकातला सिग्नल एका नेत्याच्या वाढदिवसाच्या बोर्डाने झाकला होता. तांबडा दिवा नेत्याच्या फेट्यामागे, हिरवा शुभेच्छुकांच्या मागे. वाहने श्रद्धेवर चालत होती. त्यात भाजीवाल्या झुंबरबाईंना टेम्पोने उडवले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मग भाऊसोंच्या मुलीने, संघप्रियाने, भर दुपारी घरचा विळा नेऊन बोर्डाच्या दोऱ्या कापल्या. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. विळा तिथेच राहिला, तो भाऊसोंचा निघाला, म्हणून संशय भाऊसोंवर आला आणि ठाण्यातून बोलावणे आले. पोरीची शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीवर अडली होती. तिचे नाव आले तर नोकरी गेलीच.

हवालदार सयाजींनी मारहाण वगैरे मागास मार्ग अवलंबला नाही. त्यांनी चहा मागवला.

"कुठलं पावणं? कुरुंदवाडकडचं का?"

या प्रश्नाला निम्मे आरोपी इथेच गळतात. मामा, मेव्हणे, बांधाला बांध, सगळे निघते. भाऊसो बधले नाहीत. "वकील आल्याशिवाय बोलणार न्हाय," म्हणाले आणि चहा प्याले. (चहा पिणे ही कबुली धरली जात नाही.)

सयाजींनी कागद मिटले. "जावा घरला. ह्ये काम पलीकडच्या गल्लीचं. तुमच्या गल्लीत एवढी धमक कुणात हाय?"

भाऊसोंचे कान तापले. नोकरी, पडताळणी, पुतण्या, सगळे डोक्यातून गेले.

"पलीकडची गल्ली? त्यास्नी फुगा फोडाय येत न्हाय! आमच्या संघप्रियानं पाडलाय बोर्ड! एकटीनं! लिवा!"

सयाजींनी लिहिले. हक्क स्वखुशीने सोडला, असा शेराही मारला. दारात बुद्धभूषण हेल्मेट काढत होता.

तरी एक वाट होती. सिग्नल खरोखरच झाकला होता, एवढे कुणी सांगितले असते तरी पोरीची बाजू सावरली असती. म्हणून गल्लीला बोलावणे गेले. त्या दुपारी निम्मी गल्ली नृसिंहवाडीला दर्शनाला गेली होती, असे निष्पन्न झाले. उरलेले गाडी चालवताना वर बघतच नाहीत. झुंबरबाई कुबडी टेकत आल्या, संघप्रियाकडे न बघता म्हणाल्या, "पाय माझाच घसरला, सायेब." पोरीने त्यांना हात धरून रिक्षात बसवले. घरी आल्यावर मात्र ती रडली.

"बघा पावणं," सयाजी भाऊसोंना हळहळून म्हणाले, "हक्क असा वापराय लागतोय. वकील लागला का कुणाला?"

संघप्रियाची ऑर्डर परत गेली. बोर्ड पुन्हा लागला आहे, आधीपेक्षा मोठा. परवा तुम्हीही त्याच चौकातून गेलात, अंदाजाने ब्रेक मारत. वर बघितलेत, खाली बघितलेत आणि निघालात. कुणाला काही बोललात का?

राहू दे, सांगू नका. हक्क आहे तुमचा.